यूटाचं नॉन-रेसिडेंट कॅरी परमिट: रिन्यू करावं की सोडून द्यावं?

प्रेअरीकर
शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, अमेरिकन नागरिक आहे. इलिनॉयचं फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र) आणि कन्सील्ड कॅरी लायसन्स, म्हणजे पिस्तूल लपवून जवळ बाळगायचा परवाना (पुढे नुसतं सीसीएल म्हणतो), दोन्ही चालू आहेत. शिवाय यूटाचं नॉन-रेसिडेंट परमिट, म्हणजे त्या राज्यात न राहणाऱ्यांना मिळणारा तसाच परवाना, आहे. त्याची पाच वर्षांची मुदत लवकरच संपतेय आणि ते पुन्हा काढण्यात अर्थ उरलाय का, एवढाच प्रश्न आहे.

गाडीने जाणं होतं ते मिशिगन, विस्कॉन्सिन, इंडियाना आणि ओहायोला, आणि हिवाळ्यात केंटकी-टेनेसी-जॉर्जियामार्गे फ्लोरिडाला. येत्या उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येताहेत, त्यांना स्मोकी माउंटन्स आणि नायगारा दाखवायचाय. मेहुणा एच-१बीवर आहे आणि सध्या आमच्याकडेच राहतो, तेही लक्षात घ्या. कुठल्या राज्याचं परमिट कुठे चालतं ते दाखवणाऱ्या नकाशावर यूटाच्या नावाने पुष्कळ राज्यं हिरवी दिसतात, पण त्यातली माझ्या उपयोगाची किती, हे जाणकारांनी सांगावं. बंदूक बाळगावी की नाही ह्यावर इथे वाद नको, त्यासाठी वेगळा धागा आहे.

घाटवाट
नकाशा बाजूला ठेवा. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच रंगात रंगवलेल्या असतात. काही राज्यं यूटाचं परमिट मानतात म्हणून हिरवी. काहींमध्ये आता परमिटच लागत नाही म्हणून हिरवी. आणि काही राज्यं फक्त यूटात राहणाऱ्यांचं यूटा परमिट मानतात, पण तळटीप न वाचता रंग भरलेला असतो. तुम्ही पहिल्या प्रकारचीच राज्यं मोजायची, आणि त्यातूनही इलिनॉयचं सीसीएल जिथे चालतं ती वजा करायची. उरेल तेवढीच यूटाच्या कार्डाची तुमच्यासाठी किंमत.

आता तुमचा रस्ता घेऊ. केंटकी २०१९ पासून परमिटमुक्त, टेनेसी २०२१ पासून, जॉर्जिया २०२२ पासून. ओहायो १३ जून २०२२ आणि इंडियाना १ जुलै २०२२ पासून. फ्लोरिडा १ जुलै २०२३ पासून. ह्या सगळ्या ठिकाणी ही मोकळीक बाहेरून आलेल्या पात्र प्रौढालाही आहे. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना आले आणि अशी राज्यं २९ झाली. खुद्द यूटाने २१ वर्षांवरच्यांसाठी मे २०२१ मध्येच परमिटची अट काढली. म्हणजे फ्लोरिडापर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर यूटाचं कार्ड पाकिटात नुसतं पडून राहतं.

नॉर्थ कॅरोलायना परमिटमुक्त नाही, पण ते कुठल्याही राज्याचं वैध परमिट मानतं. तिथेही तुमचं सीसीएल पुरेसं आहे.

राहिलं विस्कॉन्सिन. ते राज्य मान्य परमिटांची यादी त्यांच्या न्याय विभागाच्या पानावर ठेवतं. इलिनॉय आणि यूटा दोन्ही नावं तिथे शोधा, नावापुढची अट वाचा, आणि ज्या दिवशी बघाल त्या दिवसाची तारीख दिसेल असं पान छापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

ग्रेटलेक्स
मिशिगनचं मी सांगते, कारण नेमकी इथेच लोकांची चूक होते. मिशिगन कुठल्याही राज्याचं परमिट मानतं, पण ते धारकाच्या स्वतःच्या राज्याने दिलेलं असलं तरच. इलिनॉयच्या माणसाला इलिनॉयचं सीसीएल चालेल, यूटाचं चालणार नाही. कोलोरॅडोचंही असंच आहे. नकाशात मिशिगन यूटासाठी हिरवं दिसलं तरी ते यूटातल्या सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्याला हिरवं आहे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्याला नाही. तेव्हा प्रेअरीकर, तुमचं सीसीएल कधी रेंगाळलं आणि मुदत उलटून गेली, तर ‘यूटा आहे ना’ म्हणून मिशिगनची हद्द ओलांडू नका.

इथल्या नियमांपैकी दोन पाठच करून ठेवा. पोलिसाने गाडी थांबवली की त्याने विचारायची वाट न बघता लगेच सांगायचं की जवळ पिस्तूल आहे. न सांगितल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आहे. दुसरं म्हणजे जागा. शाळा, इस्पितळ, कॉलेजचे वर्ग आणि वसतिगृह, कसिनो, २५०० किंवा जास्त आसनांचं मनोरंजनगृह, स्टेडियम, मुख्यतः दारूवर चालणारा बार, आणि प्रार्थनास्थळ. प्रार्थनास्थळात तिथल्या प्रमुखाने परवानगी दिली तरच आत नेता येतं. देवळात आरतीला जाताना ‘कुठे काही पाटी नव्हती’ हे उत्तर मिशिगनमध्ये उपयोगाचं नाही, कारण पाटी नसली तरी बंदी आहेच.

घाटवाट
ग्रेटलेक्सताईंनी जागांचा विषय काढला म्हणून इलिनॉयचंही लिहितो. सीसीएल असलं तरी सार्वजनिक बस-ट्रेन, बागा आणि खेळाची मैदानं, वाचनालयं, शाळा, कॉलेजं, इस्पितळं इथे नेता येत नाही. स्थानिक प्रशासनाचा परवाना घेऊन सार्वजनिक जागेवर भरलेला कार्यक्रमही त्यात येतो, म्हणजे गणपतीची मिरवणूक आणि तळ्याकाठचं विसर्जन दोन्ही. खासगी जागेच्या मालकाला बंदी घालायची असेल तर चार बाय सहा इंचांची ठरावीक पाटी दारावर लावावी लागते.

मराठी मंडळाचे बरेच कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात होतात. तिथे प्रश्नच नाही, घरी ठेवून जायचं. पार्किंगपर्यंत आणलंच तर गाडीतच, बाहेरून दिसणार नाही अशा कुलूपबंद डब्यात किंवा कुलूपबंद गाडीत झाकून. होल्स्टरमधून काढून सीटखाली सरकवणं ह्यात बसत नाही.

तपशीलवार
रिन्यू करायचंच ठरलं तर यूटाची प्रक्रिया अशी.

काम ‘ब्युरो ऑफ क्रिमिनल आयडेंटिफिकेशन’कडे असतं, हा यूटाच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाचा भाग. मुदत संपण्याआधी ९० दिवसांपासून अर्ज घेतात. ऑनलाइन होतो. परमिट क्रमांक, जन्मतारीख, सध्याचा पत्ता आणि कार्ड एवढं हाताशी हवं. नॉन-रेसिडेंटला फी २५ डॉलरच्या आसपास पडते. रिन्यू करताना नवा क्लास लागत नाही आणि बोटांचे ठसेही पुन्हा द्यावे लागत नाहीत. ह्या सवलतीमुळेच उत्तर बदलतं, कारण सोडून दिल्यावर परत घ्यायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं: यूटाने मान्य केलेल्या प्रशिक्षकाचा क्लास, त्याचं वर्षाच्या आतलं प्रमाणपत्र, एफडी-२५८ कार्डावर दहाही बोटांचे ठसे, पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो आणि नव्या अर्जाची पूर्ण फी. तारीख चुकली तरी एक वर्षापर्यंत रिन्यू होतं (३० दिवस उलटले की साडेसात डॉलर विलंब शुल्क), त्यानंतर नाही. आणि ह्या उशिराच्या काळात परमिट वैध नसतं. उशिरा रिन्यू करायची सोय आणि तोवर ते वापरायची मुभा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक अट मात्र पुष्कळांना नडते. २०११ मध्ये यूटाने कायदा बदलला. तुमचं राहतं राज्य यूटाचं परमिट मानत असेल, तर यूटाचं नॉन-रेसिडेंट परमिट घ्यायला किंवा रिन्यू करायला आधी तुमच्याकडे स्वतःच्या राज्याचं परमिट हवं, आणि त्याची प्रत जोडावी लागते. इलिनॉय दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही, म्हणून प्रेअरीकर ह्यातून सुटतात. इंडियाना किंवा ओहायोच्या माणसाला ती सूट नाही. ‘आमचं राज्य आता परमिटमुक्त झालं’ म्हणून ज्यांनी घरचं परमिट संपू दिलं, त्यांचा यूटाचा अर्ज ह्या एका कागदापायी अडतो.

हूजियर
मी इंडियानाचाच. घरचं परमिट काढलंच नाही, लागत नाही म्हणून. कामासाठी शिकागोला गाडीने जाणं होतं. यूटाचं काढलं तर इलिनॉयमध्ये काही फायदा?

कलमकार
नाही. इलिनॉयच्या कायद्यात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला गाडीपुरती सवलत आहे: तो फेडरल कायद्याने अपात्र नसावा, आणि स्वतःच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगायला पात्र असावा. ही पात्रता दाखवायची ती राहत्या राज्याच्या परमिटवरून. तिथे यूटाचा उल्लेखही नाही. गाडीतून उतरताना पिस्तूल कुलूपबंद गाडीत किंवा गाडीतल्या कुलूपबंद डब्यात राहिलं पाहिजे. अंगावर घेऊन दुकानात शिरलात की सवलत संपली.

तुम्ही इंडियानाचं घरचंच लायसन्स काढा. राज्याने १ जुलै २०२१ पासून त्याची फी पूर्ण माफ केली आहे, आजीवन लायसन्सचीसुद्धा. फक्त ठशांचा खर्च येतो. मिशिगनमध्ये ते चालेल, नॉर्थ कॅरोलायनात चालेल, शिकागोत गाडीपुरता पुरावा होईल, आणि पुढे कधी यूटाचं घ्यायचं झालं तर तीच प्रत जोडता येईल. आधी घरचं, मग परराज्याचं, ह्या क्रमात बदल करू नका.

प्रेअरीकरांना माझं उत्तर जरा कडू आहे: रिन्यू करू नका. पंचवीस डॉलर वाचवायला म्हणत नाही. तुम्ही स्वतः लिहिलेल्या रस्त्यावर यूटाच्या कार्डाने एकही नवं राज्य उघडत नाही, आणि पाकिटात दोन परमिटं असली की माणूस हद्द ओलांडताना वाचायचं सोडून देतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तर ‘आता सगळीकडे चालतं’ असं सर्रास बोललं जातं. त्या निकालाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट घालवली. एका राज्याचं परमिट दुसऱ्याने मानलंच पाहिजे, असं त्यात काही नाही.

आणि नायगारा. हा तुमच्या यादीतला सर्वात धोक्याचा प्रवास आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लीव्हलँडकडून आय-९० महामार्गाने निघालात की ओहायो संपतं आणि पेनसिल्व्हेनियाची ईरीची पट्टी लागते, सुमारे ४६ मैल. पेनसिल्व्हेनिया इलिनॉयचं सीसीएल मानत नाही. तिथल्या कायद्यात दुसऱ्या राज्याचं वैध लायसन्स असलेल्याला गाडीत असेपर्यंत अपवाद आहे, पण पेट्रोल भरायला अंगावर पिस्तूल घेऊन उतरलात तर तो अपवाद गाडीतच राहतो. यूटाचं नॉन-रेसिडेंट कार्ड दाखवून हे सुटेल ह्या भरवशावर राहू नका. ह्या राज्याने २०१३ मध्ये फ्लोरिडाशी असलेला करार फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांपुरता मर्यादित केला. तेव्हा फ्लोरिडाचं नॉन-रेसिडेंट कार्ड बाळगणाऱ्या कितीतरी लोकांचं पेनसिल्व्हेनियात वागणं एका रात्रीत बेकायदा झालं.

मग न्यूयॉर्क. कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही, बफेलो आणि नायगारा फॉल्स त्यातच आले. घराबाहेर लोड केलेलं पिस्तूल विनापरवाना बाळगणं हा ‘क’ वर्गातला हिंसक गुन्हा धरला जातो, किमान शिक्षा साडेतीन वर्षं. आणि ‘लोड केलेलं’ ह्याची तिथली व्याख्या नीट वाचा: पिस्तूल रिकामं असलं तरी त्यात बसणाऱ्या गोळ्या त्याच वेळी तुमच्याजवळ असतील, तर ते लोड केलेलंच समजतात.

इथे कोणीतरी १९८६ च्या फेडरल कायद्यातलं ‘सुरक्षित प्रवासा’चं ९२६ए कलम काढेल. ते कलम ज्या ठिकाणाहून निघालात आणि ज्या ठिकाणी पोचायचंय ती दोन्ही तुम्हाला कायदेशीर असतील, तर मधल्या राज्यातून जाण्यासाठी आहे. पिस्तूल रिकामं, गोळ्या आणि पिस्तूल दोन्ही बसल्या जागेवरून हाताला न लागणारी. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद डबा, आणि तो डबा म्हणजे ग्लव्ह बॉक्स किंवा कन्सोल नव्हे. नायगारा हे तुमचं पोचायचं ठिकाण आहे, म्हणून हे कलम तुम्हाला लागूच होत नाही.

मधलं राज्य असलं तरी ते किती तोकडं पडतं ह्याचं उदाहरण न्यू जर्सीतल्या न्यूअर्क विमानतळाचं आहे, तिसऱ्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाचा २०१० चा निकाल. यूटाचा रहिवासी विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघालेला, पिस्तूल नियमाप्रमाणे चेक-इन सामानात. न्यूअर्कला पुढचा प्रवास हुकला, सामान त्याच्या हाती आलं, रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने स्वतः पिस्तूल असल्याचं सांगितलं आणि त्याला अटक झाली. कोर्टाचं म्हणणं असं की हॉटेलात सामान त्याच्या हाताशी होतं, म्हणून कलमाचं संरक्षण तुटलं. त्याच्याकडे त्याच्या घरच्या राज्याचं, यूटाचंच परमिट होतं.

न्यू जर्सीत विनापरवाना हँडगन हा दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, ५ ते १० वर्षं. तेव्हा नायगाराच्या फेरीला पिस्तूल घरच्या तिजोरीत. पलीकडे कॅनडाच्या बाजूने धबधबा बघायचा विचार असेल तर ह्यावर बोलायलाच नको.

घाटवाट
कलमकार, नायगाराबद्दल शब्दनशब्द मान्य. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन अटलांटिक सिटीत आणि २०२४ चं सॅन होजेत झालं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, दोन्हीकडे बाहेरचं एकही परमिट मानत नाहीत. असल्या प्रवासाला उत्तर एकच: पिस्तूल घरी.

पण ‘रिन्यू करू नका’ पटत नाही. इलिनॉयचं सीसीएल पाच वर्षांनी रिन्यू करताना तीन तासांचा क्लास करावा लागतो, मग अर्ज. मध्ये काही अडकलं आणि सीसीएलची तारीख उलटली, तर यूटाचं कार्ड नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात माणसाला उघड्यावर पडू देत नाही. शिवाय आपल्यातल्या आयटीवाल्यांची राज्यं बदलतात. इलिनॉय सोडून दुसरीकडे राहायला गेलात की सीसीएल निरुपयोगी, पण यूटाचं पत्ता बदलून पुढे चालतं. नव्या राज्याचं परमिट हाती येईपर्यंतचे काही महिने ते कामाला येतं. अर्थात ग्रेटलेक्सताई म्हणाल्या तसं, रहिवाशांचंच परमिट मानणाऱ्या राज्यांत तेव्हाही नाही.

पामवृक्ष
फ्लोरिडात दर हिवाळ्यात महिनोन् महिने राहणारे मराठी लोक आता बरेच झालेत, त्यांच्यासाठी वेगळा मुद्दा. फेडरल ‘गन-फ्री स्कूल झोन’ कायदा बारावीपर्यंतच्या कुठल्याही शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांत लागू होतो. मूळ १९९० चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला, पण काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १९९६ मध्ये आंतरराज्य व्यापाराचा धागा जोडून तो पुन्हा आणला, आणि तो आजही आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्यातला अपवाद असा की ज्या राज्यात ती शाळा आहे, त्याच राज्याने तुम्हाला परवाना दिलेला हवा. दुसऱ्याचं परमिट ते राज्य मानतं एवढं पुरत नाही, एटीएफने (शस्त्रांचे कायदे राबवणाऱ्या फेडरल खात्याने) हा अर्थ लेखी कळवलेला आहे.

ह्याचा परिणाम असा की परमिटमुक्त राज्यात राज्याच्या कायद्याने तुम्ही मोकळे असता, पण शाळेसमोरच्या रस्त्यावरून गाडी नेताना फेडरल कायदा उभा राहतो. १००० फूट म्हणजे शहरातले दोन-तीन चौक. खासगी मालमत्तेवर असाल किंवा पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद डब्यात ठेवलेलं असेल तर प्रश्न नाही.

म्हणून फ्लोरिडात जास्त राहत असाल तर यूटापेक्षा फ्लोरिडाचंच नॉन-रेसिडेंट लायसन्स घ्या. तिथला शेती आणि ग्राहक सेवा विभाग देतो, मुदत सात वर्षं. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणं आवश्यक. रिन्यू करताना बाहेरच्यांना ठसे पुन्हा द्यावे लागतात, हा यूटापेक्षा जाच. हातावर लोशन लावून ठसे द्यायला जाऊ नका, रेषा भरून जातात आणि कार्ड परत येतं. एकाच वेळी दोन कार्डांवर ठसे करून घ्या, एक राखून ठेवा. मुदत उलटल्यावर १५ डॉलर जास्त भरून १८० दिवसांच्या आत रिन्यू होतं, मग नवा अर्ज. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं.

इंडियानात असा मार्ग बाहेरच्यांना सहसा नाही. तिथे नोकरी किंवा धंद्याची नेहमीची जागा असेल तरच परराज्यातल्याला लायसन्स देतात.

मुठाकाठ
मेहुण्याबद्दल अजून कोणी बोललं नाही आणि मला तोच मुद्दा सर्वात निकडीचा वाटतो.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ सगळ्यांना, फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला मनाई आहे. मुख्य अपवाद चालू हंटिंग लायसन्स असलेल्यांचा. ‘बाळगणं’ म्हणजे मालकीच असं नाही. तिजोरीचा आकडा मेहुण्याला ठाऊक असेल, किल्ली सगळ्यांच्या किल्ल्यांबरोबर लटकत असेल, तर ती बंदूक त्याच्याही ताब्यात आहे असा युक्तिवाद होऊ शकतो. आकडा तुमच्याचकडे ठेवा. नेमबाजीच्या रेंजवर ‘एक फैर मारून बघ’ म्हणून त्याच्या हाती देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. आई-बाबा बी-२ वर येणार, त्यांनाही हेच लागू. स्मोकीला जाताना पिस्तूल असलेली बॅग ‘जरा धर’ म्हणून बाबांच्या मांडीवर ठेवायची नाही.

ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते. पण परराज्यात चूक झाली तर त्यांना मोजावी लागणारी किंमत नागरिकापेक्षा मोठी असते. स्थलांतर कायद्यात बेकायदा शस्त्र बाळगण्याबद्दलची दोषसिद्धी हे स्वतंत्रपणे हद्दपारीचं कारण आहे, मग शिक्षा कितीही किरकोळ असो. वकिलाने तडजोडीत गुन्हा हलका करून घेतला तरी तो शस्त्राचाच राहिला, तर ग्रीन कार्ड धोक्यात येतं. तुमच्या ओळखीत कोणी ग्रीन कार्डवर असेल आणि यूटाचं कार्ड घेऊन पूर्व किनाऱ्याला निघालं असेल, तर आधी हा परिच्छेद दाखवा.

आणि भारत. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. अस्तराच्या खिशात एक जिवंत काडतूस राहिलं तरी मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. बाळगल्याची जाणीव होती का, हा मुद्दा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच महत्त्वाचा ठरवलाय आणि त्यावर पुढे सुटकाही होते. पण ते पुढे. तोवर विमान गेलेलं असतं आणि कोर्टाच्या तारखा सुरू झालेल्या असतात. बॅग वेगळीच ठेवा, आणि तरीही बांधण्याआधी उलटी करून प्रत्येक चेन उघडून हात फिरवा.

सह्यकडा
स्मोकीचं थोडं सांगतो. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या-त्या राज्याचा कायदा लागतो. गॅटलिनबर्गहून यूएस ४४१ ह्या रस्त्याने वर चढलात की न्यूफाउंड गॅप ह्या खिंडीपर्यंत टेनेसी, म्हणजे परमिट नको. खिंडीतल्या पार्किंगमध्ये दोन्ही राज्यांची पाटी आहे, तिच्यापलीकडे नॉर्थ कॅरोलायना. तिथून खाली उतरताना परमिट जवळ हवंच, आणि पोलिसाने थांबवलं तर आपणहून सांगायचं. अंगात दारू असताना तर तिथे अजिबात बाळगायचं नाही, बिअरचा एक ग्लाससुद्धा नाही. इमारतींचा नियम फेडरल आहे: शुगरलँड्स आणि ओकोनालुफ्टी ह्या दोन्ही व्हिजिटर सेंटरांत, तिथल्या स्वच्छतागृहांतसुद्धा, शस्त्र चालत नाही. पुढे चेरोकी गाव आदिवासी भूमीवर आहे, तिथे त्यांचा स्वतःचा कायदा. राज्याचं परमिट तिथे आपोआप चालेल असं धरू नका. तिकडे जाणार असाल तर खिंडीतूनच मागे फिरा किंवा पिस्तूल टेनेसीतल्या मुक्कामावर तिजोरीत ठेवून या.

प्रेअरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. कलमकारांचं गणित बरोबर आहे, आजच्या माझ्या रस्त्यावर यूटाने नवं राज्य उघडत नाही. तरी रिन्यू करतोय, घाटवाट आणि तपशीलवार ह्यांच्या कारणांसाठी: सीसीएलची तारीखही पुढल्या वर्षीच येतेय आणि नोकरीत टेक्सासची बदली व्हायची शक्यता आहे. मात्र परमिट म्हणून चालवायचं ते सीसीएलच. नायगाराला पिस्तूल येणार नाही. तिजोरीचा आकडा आजच बदलतो.

एक शेवटचं. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, यूटाच्या कार्डावर फक्त आद्याक्षर. नडेल का?

तपशीलवार
नडू शकतं, आणि आपल्या लोकांत हे फार होतं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पूर्ण, लायसन्सवर आद्याक्षर, तिसऱ्या कागदावर गायब. अर्जात नाव ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे अगदी तसंच लिहा, स्पेलिंगसकट. बदल मोठा असेल, लग्नानंतर आडनाव बदललं असेल वगैरे, तर ऑनलाइन न भरता आधी ब्युरोला फोन करून कुठला पुरावा जोडायचा ते विचारा. पत्ताही लायसन्सवरचाच. घर बदललं असेल तर फॉइडवर २१ दिवसांत नवा पत्ता नोंदवायचा असतो आणि सीसीएलवरही, ते आधी उरकून घ्या.

अर्ज ९० दिवसांची खिडकी उघडल्याबरोबर भरा, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. फी भरल्याची पावती हे परमिट नव्हे, तिच्या जोरावर प्रवास करू नका. नवं कार्ड आलं की नाव, जन्मतारीख आणि मुदत तपासा, आणि जुनं कापून टाका. नाहीतर दोन्ही एकाच पाकिटात राहतात आणि रस्त्याच्या कडेला अंधारात पोलिसाच्या हाती मुदत संपलेलं दिलं जातं.

कलमकार
टेक्सासला गेलात तर तिथलं लायसन्स लगेच काढा, परमिटमुक्त असलं तरी. शाळेच्या १००० फुटांचा जो प्रश्न पामवृक्ष ह्यांनी मांडला, तो त्या राज्याच्या स्वतःच्या परवान्यानेच सुटतो. आणि टेक्सास यूटाचं परमिट मानतं, म्हणजे तपशीलवार म्हणाले ती २०११ ची अट मग तुम्हालाही लागू होईल: पुढच्या वेळी यूटाला टेक्सासच्या परवान्याची प्रत द्यावी लागेल.